अमेरिकेत एलपीएन : शाळा, क्लिनिकल आणि एनक्लेक्स-पीएन

अबोली

ईएडी (कामाची परवानगी) हातात आलंय, मुलं शाळेला लागलीत, आता नर्सिंगचं बघावं म्हणते, असे व्यनि हल्ली सारखे येतायत. प्रत्येकीला तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच धागा काढते. मी न्यूजर्सीत एलपीएन केलं, एनक्लेक्स-पीएन म्हणजे त्याच्या लायसेन्सची परीक्षा दिली, आता एका नर्सिंग होममध्ये संध्याकाळच्या शिफ्टला असते. मूळची पुण्याची बीकॉम, म्हणजे विज्ञानाशी फारकत दहावीलाच झालेली. 'मला जमेल का' विचारणाऱ्यांनी एवढ्यावरून काय ते ओळखावं.

आधी ओळख. एलपीएन म्हणजे लायसेन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. टेक्सस आणि कॅलिफोर्नियात हिलाच एलव्हीएन म्हणतात. काम आरएनच्या (रजिस्टर्ड नर्स, आपल्या वरची पायरी) किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली. पूर्णवेळ केलं तर साधारण वर्षभर, अर्धवेळ केलं तर दीड वर्षाच्या आसपास. व्होकेशनल स्कूल किंवा कम्युनिटी कॉलेजात होतं. बऱ्याच ठिकाणी टीईएएस नावाची प्रवेश परीक्षा असते: वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी. तिला फार घाबरू नका, आपल्याकडच्या दहावीचं गणित पक्कं असेल तर निम्मं काम झालं.

शाळा निवडताना माहितीपत्रकातल्या हसऱ्या मुलींवर जाऊ नका. शाळा राज्याच्या नर्सिंग बोर्डाने मान्य केलेली आहे ना, आणि तिथल्या मुली पहिल्या खेपेला किती टक्के पास होतात, हे दोनच बघा. बहुतेक बोर्डं ही टक्केवारी आपल्या संकेतस्थळावर टाकतात. फी कमी म्हणून निकाल वाईट असलेली शाळा घेतलीत तर ते पैसे पुढे परीक्षेच्या वेळी व्याजासकट जातात.

प्रवेश मिळाला की लसींची यादी हातात पडते. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांचे टायटर (अंगात प्रतिकारशक्ती आहे का याची रक्ततपासणी), हेपटायटिस बीचे डोस. हेपटायटिसचा कोर्स सहसा सहा महिन्यांचा असतो, त्यामुळे जायचं ठरलं की लगेच सुरू करा. आणि टीबी. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीची खूण आहे, त्यामुळे हातावर सुई टोचून करायची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्सरे काढा, पत्र आणा, क्लिनिकल (पेशंटवरचं प्रत्यक्ष काम) थांबवा, असा घोळ सुरू होतो. सरळ रक्ताची तपासणी मागून घ्या, क्वांटिफेरॉन म्हणतात तिला. बीसीजीमुळे ती फसत नाही. याशिवाय बोटांचे ठसे, ड्रग टेस्ट आणि सीपीआरचं कार्ड.

शाळेचं वर्ष कसं जातं ते सांगायचं तर शरीररचना, मूलभूत नर्सिंग, औषधशास्त्र, मेडिकल-सर्जिकल, बाळंतपण, मुलं, मानसिक आजार, सगळं एकामागून एक अंगावर येतं. सोबत लॅबमध्ये चेक-ऑफ, म्हणजे एकेक काम इन्स्ट्रक्टरसमोर करून दाखवायचं. निर्जंतुक हातमोजे घालताना बोट बाहेरच्या बाजूला लागलं की पुन्हा पहिल्यापासून. आठवड्यातले काही दिवस पहाटे उठून क्लिनिकलला. हातात बांगड्या चालत नाहीत, नखांना रंग चालत नाही, लोंबणारं मंगळसूत्र तर नाहीच. आमच्या वर्गातल्या एका गुजराती बाईने ते पिनेने आत टोचून ठेवायचा तोडगा काढला होता, इन्स्ट्रक्टरने तोही मोडीत काढला. घरी ठेवून या, उगाच वाद घालू नका. गोंधळलेला पेशंट पहिला हात गळ्यालाच घालतो.

आता परीक्षा, कारण खरा धागा त्याचाच आहे.

एनक्लेक्स-पीएन एनसीएसबीएन ही संस्था काढते आणि पीअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर होते. फी २०० डॉलर, बोर्डाची फी वेगळी. शाळेने कागद पाठवले आणि बोर्डाने मान्य केलं की एटीटी येतं, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी. त्याला मुदत असते, ती टळली तर फी पाण्यात. वेळ पाच तास. प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०. त्यातले १५ प्रश्न चाचणीपुरते असतात, मोजले जात नाहीत, पण ते कुठले हे तुम्हाला कळत नाही.

आपल्या लोकांचं पाणी जिथे मुरतं ती जागा पुढची. शाळेपासून आपल्याला सांगितलंय, पेपर हातात आला की आधी पूर्ण चाळा, सोपे प्रश्न उरका, अवघड शेवटी ठेवा, पाच मिनिटं राखून उत्तरं तपासा. इथे यातलं काहीही चालत नाही. एका वेळी पडद्यावर एकच प्रश्न. सोडून पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. तुम्ही बरोबर दिलंत की संगणक पुढचा प्रश्न अवघड काढतो, चुकलात की सोपा. त्यामुळे बऱ्या तयारीच्या माणसालाही जवळपास निम्मे प्रश्न चुकल्यासारखे वाटतात. संगणकाला तुम्ही पास व्हायच्या रेषेच्या वर आहात की खाली याची ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा बंद. ८५ला बंद झाली म्हणजे पास असं नाही आणि नापास असंही नाही. १५०पर्यंत गेली याचा अर्थ एवढाच की तुम्ही रेषेच्या जवळपास होतात. पार्किंगमध्ये बसून रडणाऱ्या बायकांतल्या बऱ्याच पास झालेल्या असतात.

एप्रिल २०२३पासून प्रश्नांची धाटणीही बदललीय. एकाच पेशंटची केस देतात, नर्सच्या नोंदी, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप वगैरे), लॅबचे आकडे वेगवेगळ्या टॅबमध्ये, आणि त्यावर सहा प्रश्न. यातलं काय खटकतंय, कशाकडे बोट जातंय, आधी काय, मग काय करायचं, केलं, आता पेशंट बरा की वाईट. या क्रमाने डोकं चालतंय का ते बघतात. पाठांतर पायापुरतं लागतं. पोटॅशियम ३.५ ते ५ हे तोंडपाठ हवंच, पण प्रश्न असा येतो की पेशंट डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं) दोन्ही घेतोय, पोटॅशियम ३.१ आहे, त्याला मळमळतंय आणि दिव्याभोवती पिवळी वलयं दिसतायत. आकडा पाठ असून भागत नाही, चार गोष्टी जोडून डिगॉक्सिनची विषबाधा ओळखता आली पाहिजे आणि पुढची गोळी हातातच थांबवता आली पाहिजे.

दमले. प्रश्न विचारा, शिफ्ट संपल्यावर उत्तरं देईन.

रानजाई

अबोलीताई, वाचनखूण साठवली! मी ओहायोत पहिल्या टर्मला आहे. बाकी सगळं वाचून होतंय, पण डोसेज कॅल्क्युलेशनने जीव नकोसा केलाय. आमच्याकडे त्या परीक्षेत ९० टक्के पडल्याशिवाय क्लिनिकलला सोडत नाहीत. गणित येतं, तरी गुण जातात. कुणी सांगेल का काय होतंय?

तिखटजाळ

रानजाई, पैज लावून सांगतो, तू .५ लिहीत असशील. इथे ०.५ असंच लिहायचं. आधीचं शून्य विसरलं तर कुणीतरी ५ वाचतं आणि दसपट औषध जातं. उलट ५.० लिहायचं नाही, नुसतं ५. नाहीतर ते ५० वाचलं जातं. गणित बरोबर असून गुण जातात ते यातच.

दुसरं, पौंड. वजन पौंडात दिलेलं असतं आणि औषध किलोला. आधी २.२ने भाग. १५४ पौंड म्हणजे ७० किलो. आणि राउंडिंग अगदी शेवटी करायचं, मधे नाही.

सलाइनचं उदाहरण घे. १००० मिली ८ तासांत द्यायचंय, नळीला १५ थेंबांना एक मिली. तासाला १२५ मिली. १२५ गुणिले १५ भागिले ६० म्हणजे ३१.२५, लिहायचं ३१. अर्धा थेंब पडत नाही. उत्तर आलं की एकदा डोळे मिटून विचारायचं, हे शक्य आहे का? इंजेक्शनचं उत्तर १८ मिली आलं तर तू चुकलीयस, पेशंट घोडा नाही.

(मी टेक्ससला एलव्हीएन होतो, आता आरएन. त्यावर स्वतंत्र प्रतिसाद देतो, अबोलीबाईंशी थोडं भांडायचंय.)

खोडसाळ_काका

एवढं सगळं वाचून एक शंका. इंजिनियर नवरा, चार बेडरूमचं घर, आणि बायको परदेशात जाऊन शेवटी म्हाताऱ्यांचे डायपर बदलणार? भारतात नातेवाइकांना काय सांगता तुम्ही? ह.घ्या.

सिस्टर_विदर्भ

काका, हलकं घ्यायला सांगितलंत म्हणून घेते. मी जीएनएम (भारतातला नर्सिंगचा डिप्लोमा), सरकारी रुग्णालयात वॉर्ड सांभाळते. इथे सगळे 'सिस्टर, सिस्टर' करत मागे असतात आणि घरी गेल्यावर हाच प्रश्न विचारतात, त्यामुळे सवय आहे.

डायपर बदलताना पेशंट कुशीवर वळतो. तेव्हाच त्याची माकडहाडाजवळची कातडी दिसते. तिथे लाल डाग असेल तर बोटाने दाबून बघायचं. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर बेडसोरची पहिली पायरी सुरू झालीय. सावळ्या कातडीवर लाल दिसतच नाही, तिथे हात लावून बघावं लागतं, गरम लागतंय का, आजूबाजूपेक्षा टणक किंवा मऊ झालंय का. हे त्या दिवशी सुटलं तर काही दिवसांनी तिथे खड्डा असतो आणि मग सर्जन येतो. नातेवाइकांना हे सांगा.

अबोली

सिस्टर, दंडवत. आणि हे जसंच्या तसं परीक्षेतही विचारतात बरं का, सावळ्या कातडीसकट.

काका, माझ्या सासूबाई सुरुवातीला 'ती हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे' असं सांगायच्या. मग त्यांच्या धाकट्या बहिणीला मधुमेह निघाला आणि इन्सुलिन कसं भरायचं हे मी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आता पाहुण्यांना आमच्याकडे नर्स आहे म्हणून त्या स्वतःच सांगतात आणि वर मला फोन देतात. सगळ्या आळीचे रिपोर्ट येतात हल्ली.

तिखटजाळ

आता भांडण. अबोलीबाई, तुमचं लिखाण छान, पण नव्या मुलींना एलपीएनकडे वळवू नका असं माझं स्पष्ट मत. कारणं देतो.

इथल्या सरकारी आकडेवारीनुसार मे २०२४मध्ये एलपीएन-एलव्हीएनचा मध्यम वार्षिक पगार ६२,३४० डॉलर होता, आरएनचा ९३,६००. कामाचा भार तोच, नर्सिंग होममध्ये तर जास्तच. मोठी हॉस्पिटलं एलपीएन फारशी घेत नाहीत. आणि ग्रीनकार्डच्या रांगेतल्यांसाठी मुद्द्याचं म्हणजे, शेड्यूल ए म्हणून जी सवलत आहे, जिच्यात मालकाला कामगार खात्याच्या लांबलचक चाचणीतून जावं लागत नाही, ती आरएनला आहे, एलपीएनला नाही. म्हणजे एलपीएनच्या जोरावर इमिग्रेशन सुटेल या भ्रमात कुणी राहू नये. असोसिएट डिग्री करून थेट आरएन व्हा.

अबोली

इमिग्रेशनचा मुद्दा शंभर टक्के मान्य, धाग्यात यायलाच हवा होता. ज्यांना नोकरीवर व्हिसा हवाय त्यांच्यासाठी हा रस्ता नाही. मी ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांच्याकडे कामाची परवानगी आधीच आहे.

बाकीचं मात्र मान्य नाही. असोसिएट डिग्री दोन वर्षांची म्हणतात, पण त्याआधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी वगैरे पूर्वअट म्हणून करावे लागतात, वर कित्येक कॉलेजांत प्रतीक्षायादी. चाळिशीतल्या, दोन मुलांच्या आईला एक वर्षात लायसेन्स आणि पगार मिळतो, मग त्या पगारावर ब्रिज कोर्स करून आरएन होता येतं. तुम्ही स्वतः तेच केलंत की!

तिखटजाळ

केलं, आणि आज परत निवड दिली तर करणार नाही. एलपीएनची सवय लागते आणि ब्रिज 'पुढच्या वर्षी' होत राहतो. माझ्या बॅचचे किती जण अजून पुढच्या वर्षावर आहेत ते मोजत नाही. असो, मतभेद नोंदवून थांबतो.

मनमौजी

जरा वेगळा प्रश्न. माझी परीक्षा एकदा गेलीय. आता कुठून सुरुवात करू कळत नाही. सगळं पुन्हा वाचायचं? नवऱ्याला सोडून कुणाला सांगितलेलंही नाही, इथे टोपणनाव आहे म्हणून लिहितेय.

अबोली

मनमौजी, सगळं पुन्हा वाचू नकोस. नापास झालेल्यांना एक रिपोर्ट येतो, त्यात प्रत्येक विभागापुढे लिहिलेलं असतं: रेषेच्या वर, जवळपास, खाली. तो समोर घेऊन बस. आधी 'खाली'वाले, मग 'जवळपास'वाले. तिथे को-ऑर्डिनेटेड केअर खाली असेल तर सगळं सोडून त्यालाच भिड, पीएनच्या परीक्षेत सगळ्यात मोठा वाटा त्याचा असतो, १८ ते २४ टक्के. पुन्हा बसायला ४५ दिवस थांबावं लागतं, राज्याचे नियम त्याहून कडक असू शकतात ते बोर्डाकडे बघ.

को-ऑर्डिनेटेड केअर म्हणजे कुठलं काम कुणाचं. पेशंट नव्याने आलाय, पहिलं असेसमेंट आरएनचं. पहिल्यांदा शिकवणं आरएनचं, आपण ते पक्कं करून घ्यायचं. अस्थिर पेशंट आरएनकडे. स्थिर, ज्याचं पुढे काय होणार याचा अंदाज आहे, तो आपला. आंघोळ, भरवणं, चालवणं, स्थिर पेशंटचे व्हायटल्स सीएनएला (नर्सच्या मदतनिसाला) देता येतात. आपल्या मुली इथे मार खातात त्या कामसूपणामुळे. पर्याय असतो 'स्वतः करते' आणि आपला हात तिकडेच जातो. परीक्षेला अशी नर्स हवी असते जिला कुठे थांबून आरएनला बोलवायचं हे कळतं.

सगळ्यांसाठी एक प्रश्न टाकते. शिफ्ट सुरू झाली, चार पेशंट, आधी कुणाकडे जाल?
एक, दोन दिवसांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन, दुखणं दहापैकी सात. दोन, मधुमेही, घाम फुटलाय, साखर ६२. तीन, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), ऑक्सिजन ९० टक्के. चार, बीपीची गोळी नुकतीच सुरू झालीय, बीपी १५०/९०.

रानजाई

तीन! एबीसी (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण), आधी श्वास. ९० म्हणजे कमीच की.

खोडसाळ_काका

एक. माणूस कळवळतोय आणि तुम्ही आकडे बघताय.

मनमौजी

दोन?

अबोली

मनमौजीचं बरोबर. सीओपीडीवाल्याला ८८ ते ९२ हेच अपेक्षित असतं, ९० म्हणजे तो त्याच्या घरी सुखात आहे. एबीसी पाठ असणारे सगळे इथे अडकतात. दुखणं खरं आहे, पण ऑपरेशननंतर ते येणारच, त्याने लगेच जीव जात नाही. १५०/९० गोळी सुरू झाल्यावर लगेच कसं उतरेल? ६२ आणि घाम हे मात्र आत्ता, या मिनिटाला बिघडतंय. शुद्धीत आहे, गिळता येतंय, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे अर्धा कप ज्यूस, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. काका, तुमच्या पेशंटला त्यानंतर गोळी देते, तोवर तुम्ही त्याच्याशी गप्पा मारा.

रानजाई, कायम स्वतःला विचार, हे या आजारात अपेक्षित आहे की नवीन? जुनं आणि अपेक्षित असेल तर तो थांबू शकतो.

टोरांटोचा_मावळा

कॅनडाची भर घालतो. ओंटारिओत हाच प्रकार आरपीएन नावाने आहे, बाकी प्रांतांत एलपीएन. इथे कॉलेजचा डिप्लोमा दोन वर्षांचा. ओंटारिओ आणि ब्रिटिश कोलंबियात जानेवारी २०२२पासून रेक्स-पीएन ही परीक्षा आहे, तीही एनसीएसबीएनचीच, तशीच चढती-उतरती. म्हणजे वरचं जवळपास सगळं इकडच्यांनाही लागू. फक्त अमेरिकन प्रश्नसंच सरसकट वापरू नका, इथली कायद्याची आणि कामाच्या हद्दीची उत्तरं वेगळी असतात. तापमान सेल्सियसमध्ये, वजन किलोत, तेवढी रानजाईपेक्षा आमची चैन.

मानसिक आजारांच्या प्रश्नांबद्दल कुणी लिहिलं नाही. बायकोला तोच विभाग सगळ्यात जड गेला.

अबोली

बरी आठवण केलीत. तो विभाग मराठी माणसाचा हक्काचा खड्डा आहे. पेशंट म्हणते, 'मला आता जगावंसं वाटत नाही.' आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं? 'अहो असं बोलू नये, सगळं नीट होईल.' परीक्षेत हा पर्याय कायम असतो आणि कायम चूक असतो. खोटा दिलासा देऊन तुम्ही तिचं बोलणं तिथेच बंद केलंत. 'असं का वाटतं तुम्हाला?' हेही चूक, 'का' विचारलं की माणूस जाब दिल्यासारखा बोलतो. 'मुलांकडे बघा' तर नकोच नको. बरोबर उत्तर सरळ असतं: स्वतःला संपवण्याचा विचार येतो आहे का, कसं करायचं ठरवलं आहे का? थेट विचारल्याने कल्पना सुचते हा गैरसमज आहे. आणि त्या पेशंटला एकटं सोडायचं नाही.

कामावर याचा उपयोग फार होतो. आमच्याकडे एक आजी रोज संध्याकाळी नवऱ्याची वाट बघतात, तो जाऊन बरीच वर्षं झाली. 'तो वारला' म्हटलं की त्यांच्यासाठी तो रोज नव्याने वारतो. 'तुम्हाला त्यांची फार आठवण येतेय, काय करायचे ते?' विचारलं की बागकाम, माशांचा गळ, सगळं सांगत गोळ्या घेतात. गोळ्या कुटून अ‍ॅपलसॉसमध्ये देते, पण कुटण्याआधी प्रत्येक पाकीट बघते. हळूहळू सुटणाऱ्या किंवा आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात, त्या एकदम अंगात उतरतात नाहीतर पोट जाळतात. अशी गोळी असली की डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्यायचं.

सिस्टर_विदर्भ

औषधांवरून आठवलं, इकडून जाणाऱ्यांनी नावांची एक यादी भिंतीला लावावी. आपलं पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रिनलिन तिकडे एपिनेफ्रिन. माझी मैत्रीण गेली तेव्हा तिचा पहिला महिना यातच गेला.

माझा प्रश्न असा की माझ्यासारख्या जीएनएमने तिथे येऊन पुन्हा एलपीएनची शाळा करायची का? भाची विचारतेय, तिचंही जीएनएम झालंय, लग्न ठरलंय शिकागोला.

तिखटजाळ

सिस्टर, भाचीला आधी शाळेत पैसे घालू देऊ नका. जीएनएम इथे एलपीएनच्या वरचं शिक्षण धरलं जाऊ शकतं. सीजीएफएनएस (आताचं नाव ट्रूमेरिट) या संस्थेकडून कागदांचं मूल्यांकन करून घ्यायचं, काही राज्यं जीएनएमला थेट आरएनच्या एनक्लेक्सला बसू देतात. कागद कॉलेजातून आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून परस्पर जातात, स्वतः पाकिटात घालून पाठवलेले चालत नाहीत. म्हणून लग्नाच्या खरेदीआधी ते काम सुरू करा, तिकडे असतानाच. थिअरी आणि प्रत्यक्ष कामाचे तास विषयवार लिहून आणा, प्रसूती आणि मानसोपचार यांचे खास करून.

मनमौजी

अबोली, रिपोर्ट काढून बसले. तू म्हणालीस तेच निघालं, को-ऑर्डिनेटेड केअर खाली. 'जितके लागू तितके निवडा'वाले प्रश्न तर मी सरळ अंदाजाने ठोकत होते.

अबोली

ते आता पूर्वीइतके क्रूर राहिले नाहीत. आधी एक पर्याय चुकला की अख्खा प्रश्न गेला. २०२३पासून बरोबर पर्यायाला एक गुण, चुकीच्याला वजा एक, बेरीज शून्याखाली जात नाही. म्हणून खात्रीचे तेवढेच निवडायचे, 'असू दे हाही' म्हणून जास्तीचा टाकायचा नाही. प्रत्येक पर्याय स्वतंत्र खरं-खोटं समजून वाच.

प्रश्नसंच कुठलाही घे, यूवर्ल्ड घे नाहीतर शाळेने दिलेला. किती सोडवलेस यापेक्षा उत्तराखालचं स्पष्टीकरण वाचतेस का ते महत्त्वाचं, बरोबर आलेल्याचंसुद्धा. मी चुकलेल्या प्रश्नांची वही केली होती, कारणासकट: माहिती नव्हती, नीट वाचलं नाही, की दोनांत चुकीचं निवडलं. तिसऱ्या रकान्यातले वाढले की पुस्तक मिटून फक्त प्राधान्याचे प्रश्न.

रानजाई

आणि तो पीव्हीटी (पीअर्सन व्ह्यू ट्रिक) खरा असतो का? परीक्षा झाल्यावर पुन्हा नोंदणी करायचा प्रयत्न केला आणि संगणकाने अडवलं तर पास म्हणे.

तिखटजाळ

नादाला लागू नकोस, कार्डावरून दुसऱ्यांदा २०० डॉलर गेलेले लोक पाहिलेत. दोन कामाचे दिवस थांब, बऱ्याच राज्यांत ७.९५ डॉलर भरून अनधिकृत निकाल दिसतो. लायसेन्स नंबर बोर्डाच्या यादीत आला की खरं.

मनमौजी

शेवटचं. पासपोर्टवर माझं सासरचं आडनाव आहे, शाळेत माहेरचं लागलंय, ड्रायव्हिंग लायसेन्सवर नवऱ्याचं नाव मधे घुसलंय. गेल्या वेळी केंद्रावर पासपोर्ट चालला, या वेळी तो नूतनीकरणाला दिलाय.

अबोली

हे आधी निस्तर, अभ्यास नंतर. एटीटीवरचं नाव आणि आडनाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, नाहीतर दारातून परत पाठवतात आणि फी जाते. ओळखपत्र मुदतीतलं, फोटो आणि सही असलेलं हवं. लायसेन्सवर जे आहे तेच बोर्डाकडे आणि पीअर्सनकडे करून घे, आणि एटीटी यायच्या आधी. विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत लागेल. मराठीतलं असेल तर प्रमाणित भाषांतर करून ठेव. बोर्डाला फोन लावून तासभर संगीत ऐकत बसू नकोस, ईमेल टाक आणि सोबत दोन्ही नावांचा पुरावा जोड. उत्तर आलं की इथे लिही, न्यूजर्सीबाहेरचं मला पक्कं माहीत नाही.